पुढं पुष्पावती, मागं बन्सी

छबूबाई वारली तेव्हा ओढ्याला पाणी होतं.

खैरदऱ्याच्या बौद्ध वस्तीतून स्मशानाकडं जायला एक पाणंद होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद, दोन्ही अंगांना घाणेरीची झुडपं. वस्तीतली माणसं आज्या-पणज्यांपासून याच वाटेनं आपली माणसं पोचवत आली होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रंभाजीभाऊंनी पाणंदीच्या दोन्ही तोंडांना तारेचं कुंपण घातलं, आत लिंबाची रोपं लावली आणि सांगून टाकलं, "रस्ता कागदावर हाय म्हनता ना? मग कागदावरून जावा."

कोणी फारसं बोललं नाही. वस्तीतली निम्मी माणसं भाऊंच्या रानात रोजानं जायची. छबूबाईचा मुलगा बन्सी तर त्यांचा दुधाचा टेम्पो चालवायचा. सकाळ-संध्याकाळ वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करून मिरजगावला नेऊन घालायचा. कुंपण पडलं तेव्हा त्यानं पाहिलं, आणि टेम्पोचा गिअर बदलून पुढं गेला.

मग श्रावणात त्याचीच आई गेली.

ओढ्याशिवाय जवळची वाट नव्हती. चौघांनी तिरडी उचलली, पाण्यात उतरले. मधोमध पाणी कमरेला लागलं. मागच्या एकाचा पाय शेवाळावरून सटकला, तिरडी कलली, आणि छबूबाईचं डोकं पांढऱ्या कपड्यासकट पाण्यात गेलं. पुढचा बांबू बन्सीच्या खांद्यावर होता, त्याला मागं वळताही येईना. काठावर बायका ओरडल्या. त्यांतली एक, बन्सीची बायको पुष्पावती, तशीच पाण्यात घुसली, तिनं बांबू खांद्यावर घेतला आणि सासूला वर काढलं. पलीकडच्या काठावर दुसरा माणूस खांदा द्यायला पुढं आला, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." स्मशानापर्यंत तिनं खांदा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भाऊंचा फोन आला. "बन्सी, दुःख झालं बाबा. पन दूध काय थांबत न्हाई." बन्सी गेला.

पुष्पावती नवऱ्याला काही बोलली नाही. वस्तीच्या सह्या घेऊन तिनं अर्ज केला. तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी नकाशा सापडत नाही, कधी मोजणीवाला रजेवर. दसऱ्याच्या आधी एकदाचे साहेब भेटले. बन्सीही त्या दिवशी बरोबर होता. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो बाई, ओढ्याला पाणी असतंय किती दिवस? तेवढे दिवस हायवेनं वळसा घालून न्यायचं. चालायला काय होतंय?"

"चालायला काय न्हाई होत, साहेब," पुष्पावती म्हणाली. "मी इथनं मंत्रालयापर्यंत चालत जाते. तिथं इचारते, मेलेल्या मानसानं किती वळसा घालायचा ते."

साहेब हसले नाहीत, पण दारातला शिपाई हसला. बाहेर आल्यावर झाडाखाली बसलेल्या लोकांनाही त्यानं ते सांगितलं असावं, कारण दोघं फाटकातून बाहेर पडताना मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, म्हमईला गेलात तर समुद्र बघून या!"

 घरी चुलीपुढं बसल्यावर बन्सीनं विचारलं, "खरंच जायाची?"

"व्हय."

"एकटी?"

"मग? तुमाला टेम्पो हाय."

ती टोचून बोलली नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं. बन्सी मात्र अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ येऊन बसला. म्हणाला, "आवर तिला. बाईमानूस हायवेनं चालनार, गावाला तमाशा. आन् भाऊ तुला ठिवतील का कामाला?" बन्सी म्हणाला, "तिनं आईला खांदा दिला तवा तू कुठं हुतास?" चुलतभाऊ उठून गेला.

सकाळचं दूध घालून आल्यावर बन्सीनं टेम्पो धुतला. कॅन पालथे घालून ठेवले. मग किल्ली घेऊन भाऊंच्या ओट्यावर गेला. भाऊ चहा पीत होते.

"भाऊ, ही किल्ली."

"डिझेल संपलं का?"

"डिझेल हाय. मी उद्यापसनं येनार न्हाई. बायकोबरोबर जायाचंय."

रंभाजीभाऊंनी बशी खाली ठेवली. त्यांनी बन्सीला पोरवयापासून पाहिलेलं. आवाज चढवला नाही. "बन्सी, डोकं ठिकान्यावर ठिव. बायकोच्या मागं फिरनाऱ्या बाप्याला गावात कोन इचारत न्हाई."

"इतकी वर्सं तुमच्या मागं फिरलो, भाऊ. तवा तरी कोन इचारत हुतं?"

हे आपण बोललो यावर त्याचाच विश्वास बसेना. किल्ली ओट्यावरच सोडून तो उतरला.

घरी एक जुनी सायकल होती. बन्सीनं चाकांत हवा भरली, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी गोण्या बांधल्या. एकीत पीठ, डाळ, तवा, छोटी परात. दुसरीत वाकळ, घोंगडी, पाण्याचे कॅन. हँडलला तेलाची बाटली आणि मिठाची पुडी. पुष्पावती दारात उभी राहून बघत होती.

"हे काय?"

"तू चाल. बाकीचं मी बघतो."

"टेम्पो?"

"दिला परत."

 तिनं आत जाऊन मिरचीचा डबा आणला आणि गोणीत टाकला. "इसरला हुता तुमी," एवढंच म्हणाली.

सोमवारी दोघं निघाले. पुष्पावतीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी होती. मुलगी निकिता नगरला दवाखान्यात नर्स होती. तिनं सुट्टीवर आलेली असताना पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं : आमच्या मढ्यांना वाट द्या. वाचणाऱ्याला धक्का बसेल, मऊ काहीतरी लिहू का, असं तिनं आईला विचारलंही होतं. पुष्पावती म्हणाली होती, "बसू दे की धक्का."

मिरजगावात बाजार भरलेला. हमरस्त्यानं पुढं पाटी घातलेली बाई आणि मागं सायकल ढकलणारा माणूस बघून लोक थांबायला लागले. सायकलवर बसायची सोय नव्हती, पुष्पावती इतकी हळू चालायची. दुधाच्या धंद्यातले लोक बन्सीला ओळखत होते. एकजण दुकानातून ओरडला, "बन्सीभाऊ, ड्रायव्हर हुता, क्लीनर झाला काय?"

बन्सी थांबला. "व्हय," तो म्हणाला. "गाडी भारी मिळालीय."

दुकानातले हसले, पण या वेळी त्याच्या बाजूनं हसले. पुष्पावतीनं मागं वळून पाहिलं नाही, तरी तिची मान जरा ताठ झालेली बन्सीला मागून दिसली.

नगर-सोलापूर रस्ता म्हणजे ट्रकांची रांग. मोठा ट्रक जवळून गेला की वाऱ्यानं पुष्पावतीचा पदर उडायचा आणि पाटी गळ्याभोवती फिरायची. म्हणून बन्सीनं सायकल रस्त्याच्या बाजूला आणि तिला कडेला ठेवलं. जेवणवेळेला त्यानं पुढं जाऊन सावली शोधायची, तीन दगड मांडायचे, ती पोचेपर्यंत भाकरी तव्यावर असायची. पहिल्या दिवशी भाकऱ्या जाड आणि मधे कच्च्या झाल्या. पुष्पावतीनं खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही तशाच झाल्या. तेव्हा ती म्हणाली, "पानी जरा आधन आल्यावर वता." तिसऱ्या दिवसापासून जमलं.

एका पेट्रोलपंपावर बायकांच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली मालकाकडं आहे म्हणाले, मालक नाही म्हणाले. बन्सीनं वाद घातला नाही. पंपामागच्या बाभळींत गेला, घोंगडी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. पंपावरचे दोघं बघायला लागले तसा तो मोठ्यानं म्हणाला, "काय बघता? कुलूप तुमी लावलं, भिंत मी झालोय."

रुईछत्तीशीच्या अलीकडं एका समाजमंदिराच्या ओट्यावर संध्याकाळी मुक्काम केला. पुष्पावतीच्या तळव्यांना फोड आले होते. बन्सीनं पाणी गरम केलं, परातीत मीठ टाकलं आणि तिचे पाय आत घेऊन हळूहळू धुवायला लागला. ओट्यावर पत्ते खेळणारे चार जण होते. त्यांतला एक म्हणाला, "आरं, बायकोचं पाय धुतो! कुठलं गाव म्हनायचं तुमचं?"

पुष्पावती पाय मागं घ्यायला लागली. बन्सीनं घोटा धरून ठेवला.

"माझी आई पान्यात बुडत हुती," तो न वळता म्हणाला. "माझ्या खांद्यावर बांबू हुता, मला वळता आलं न्हाई. हिनं पान्यात उतरून आईला खांद्यावर घेतली. आता तुमी सांगा, हे पाय धुवायचे का न्हाई."

पत्ते थांबले. थोड्या वेळानं तो बोलणारा माणूस उठून गेला आणि घरून खोबरेल तेल आणि जुनं मऊ लुगडं घेऊन आला. बन्सीच्या शेजारी ठेवून परत खेळायला बसला.

भाऊंचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दोघं बसथांब्याच्या सावलीत बसले होते. पाटी घातलेल्या बाईचा व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर फिरवला होता, आणि तो खैरदऱ्यापर्यंत पोचला होता.

"बन्सी, आपन घरची मानसं," भाऊ म्हणाले. "तुझ्या घरात कुनी गेलं, तर मी फाटक उघडून देईन. शब्द देतो. टेम्पो उभा हाय, उद्या ये. पन ही नाटकं बंद कर."

"माझ्या घरासाठी? का समद्या वस्तीसाठी?"

"वस्तीचं वस्तीनं बघावं."

बन्सीच्या डोळ्यांपुढून घर गेलं, रिकामं पडलेलं पिठाचं पिंप गेलं. हो म्हटलं असतं तर संध्याकाळच्या एसटीनं दोघं घरी असते. तो म्हणाला, "मला नका इचारू, भाऊ. चालनारी ती हाय." आणि त्यानं फोन पुष्पावतीच्या कानाला लावला.

भाऊंना बाईशी बोलायची सवय नव्हती. ते अडखळत पुन्हा तेच सांगायला लागले. पुष्पावतीनं पूर्ण ऐकून घेतलं. "भाऊ," ती म्हणाली, "आमी वाट मागतोय. मेहेरबानी न्हाई मागत." आणि फोन बन्सीला परत दिला.

"टेम्पो गेला," बन्सी म्हणाला.

"गेला," ती म्हणाली. मग दोघांनाही कशाचं कोण जाणे हसू आलं, आणि बसथांब्यावरची एक म्हातारी त्यांच्याकडं वेड्यांकडं बघावं तशी बघत राहिली.

हसू फार टिकलं नाही. नगर जवळ आलं तेव्हा डाव्या टाचेचा फोड फुटून त्यात घाण गेली होती. पाऊल सुजलं, अंगात ताप भरला. तरी ती चालत होती, लंगडत, दात आवळून. एका चहाच्या टपरीपुढं बन्सीनं सायकल आडवी घातली.

"बास. आता रिक्षात बस. आपली निकिता नर्स हाय, तिच्या दवाखान्यात जाऊ."

"रिक्षात बसले तर ते म्हनतील, बघा, बसली."

"म्हनू दे. पाय गेला तर काय करशील?"

"सायकल काढा बाजूला."

"मी न्हाई काढनार. मी सांगतो म्हनून थांबायचं."

पुष्पावती त्याच्याकडं बघत राहिली. "समदे हेच सांगतात," ती हळू म्हणाली. "साहेब सांगतो, भाऊ सांगतो, आन् आता तुमी."

बन्सीला ते लागलं. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. टपरीवाली राहीबाई मघापासून ऐकत होती. ती बाहेर आली, पुष्पावतीचं पाऊल हातात घेऊन पाहिलं आणि बन्सीवर खेकसली, "तू तिला थांबवू बी नको आन् चालवू बी नको. डाक्टरला इथं बोलाव. पोरगी नर्स म्हनतोस ना?"

इतकं सरळ होतं ते. बन्सीनं निकिताला फोन केला. ती तासाभरात स्कूटीवर आली, दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून औषध घेऊनच. जखम धुतली, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. आईला रागावली, बापालाही रागावली. राहीबाईच्या टपरीमागच्या खोलीत पुष्पावती दोन दिवस पडून राहिली. बन्सीनं त्या दोन दिवसांत टपरीवरचे कप विसळले, लाकडं फोडली. दुपारी तिच्या उशाशी बसून म्हणाला, "चुकलं माझं. मी भ्यालो."

"मी बी भ्याले," ती म्हणाली. "पन सायकल आडवी नका घालत जाऊ."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, जखमेवर नवी पट्टी आणि पायात बन्सीनं बाजारातून आणलेले मऊ बूट घालून. साडीखाली बूट बघून राहीबाई हसली, पण चहाचे पैसे काही घेतले नाहीत. निघता निघता खैरदऱ्याहून जीप आली. वस्तीतल्या सात-आठ बायका उतरल्या. पुढं रेश्मा, बन्सीच्या त्याच चुलतभावाची बायको. "भाऊंनी रोज बंद केला समद्यांचा," ती म्हणाली. "मग घरी बसून काय करायचं? आलो."

नगर शहरातून ती रांग गेली तेव्हा रिक्षावाल्यांनी वाट दिली. जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीतून बोलावणं आलं. पंखा, खुर्च्या, पाण्याचे ग्लास. तिथल्या एका तरुण अधिकाऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. फोन फिरवले. नकाशा मागवतो, मोजणी लावतो, आठवडाभर द्या म्हणाला. पुष्पावती म्हणाली, "द्या की. तवर मी चालते."

अधिकारी बन्सीकडं वळला. "काका, तुम्ही तरी मिसेसना समजवा. पाय बघा त्यांचा. आम्ही शब्द देतोय ना."

बन्सी भिंतीला टेकून उभा होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आल्या. "साहेब," तो म्हणाला, "मी समजवायला न्हाई आलो. मी पानी द्यायला आलोय."

आणि त्यानं तिला पाणी दिलं. ती प्यायली, पाटी सरळ केली आणि पुणे रस्त्याला लागली.

मोजणीला आठवडा लागला नाही. कामरगावचा घाट चढून सगळ्याजणी सुप्याच्या अंगानं निघाल्या होत्या, तेव्हा त्या तरुण अधिकाऱ्याचाच फोन आला. पाणंद नकाशात होती, सरकारी होती. पोलीस, तलाठी हजर ठेवून कुंपण काढायला घेतलं होतं. त्यानं व्हिडिओ पाठवला. जेसीबी खांब उपटताना दिसत होता. बायका मोबाईलभोवती गोळा झाल्या, रेश्मानं टाळ्या वाजवल्या.

पुष्पावतीनं टाळी वाजवली नाही. तिनं अधिकाऱ्याला परत फोन लावायला सांगितला. "खांब काढल्याचं दिसतंय. मानूस चालल्याचं न्हाई दिसत. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना तिथनं चालू द्या, मग मी थांबते."

 पलीकडून अधिकारी म्हणाला, "बरं." संध्याकाळ व्हायच्या आत दुसरा व्हिडिओ आला. वस्तीतल्या तीन म्हाताऱ्या काठ्या टेकत पाणंदीतून चालत होत्या. त्यांतली एक मधेच थांबली, कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "ये गं आता घरी, पुष्पे."

तेव्हा पुष्पावती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. बन्सीनं तिच्या बुटांचे बंद सोडले. दोघंही रडत होते, आणि ट्रक जातच होते.

पुढं सगळंच गोड झालं असं नाही. रंभाजीभाऊ कोर्टात गेले, तारखा पडताहेत. बन्सीला टेम्पो मिळाला नाही. आता तो मिरजगावच्या एका दूध संकलन केंद्रावर काम करतो, सायकलनं जातो. वस्तीतल्या बायकांना दुसऱ्या गावच्या रानांत लांब जावं लागतं. पण पाणंद उघडी आहे.

घरी आले त्या दिवशी दोघं एसटीतून फाट्यावर उतरले. वस्तीवर जायला गावातून जवळचा रस्ता होता. पुष्पावती म्हणाली, "पानंदीनं जाऊ." लांबचं पडत होतं, तिचा पाय दुखत होता. बन्सीनं सायकल टपावरून उतरवून घेतली आणि तिच्या मागं निघाला.

रंभाजीभाऊ रानाच्या कडेला बाजेवर बसले होते. उपटलेले खांब शेजारी रचून ठेवले होते. पुष्पावती त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"जय भीम, भाऊ."

भाऊंनी तोंड फिरवलं. ती हलली नाही. बन्सीनंही सायकल स्टँडवर लावली आणि तिच्या शेजारी उभा राहिला. घाई कोणालाच नव्हती.  लिंबाच्या रोपांवरून एक साळुंकी उडाली.

"जय भीम, भाऊ," बन्सी म्हणाला.

भाऊंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "हां," ते म्हणाले. "जावा."

"जातो की," पुष्पावती म्हणाली. "वाट आमचीच हाय." आणि ती पाणंदीच्या मधोमधून, दुखऱ्या पायाला जपत, सावकाश चालायला लागली.